वगळलेलं टेबल

विवेकाने जगणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो, की त्याला आपल्या साऱ्या विचारांची मुळापासून तपासणी करावी लागते. माझा तो दिवस आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी बसून नेलकटरच्या कानशीने लॅपटॉपचं एक बटण उचकटत होतो.

बटण 'ह'चं होतं. आठवडाभर ते मनमानी करत होतं. कधी दाबूनही काही उमटायचं नाही, तर कधी एकदा दाबलं की अख्खी ओळ भरून हहहहहह असं उमटायचं. मी गंभीर लेख लिहीत होतो आणि यंत्र मला हसत होतं. त्यात मराठीतून 'ह' गेला की आहे जातं, नाही जातं, होतं आणि होईलही जातं, म्हणजे तिन्ही काळ एकदम बंद. त्या बटणावाचून फक्त अहिराणीत लिहिता आलं असतं, कारण तिथे 'आहे'ला 'शे' म्हणतात. हे मला माझ्या नामपूरच्या मित्रामुळे ठाऊक होतं. तो मित्र या गोष्टीत पुढे येईलच. त्या क्षणी तो फक्त माझ्या लेखात होता.

लेख आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या स्मरणिकेसाठी होता. दसऱ्याला आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. सकाळी सगळे त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी जातात, संध्याकाळी विहारात कार्यक्रम होतो आणि स्मरणिका निघते. तिच्यात नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो लेखांपेक्षा मोठा असतो. तरी लोक लेख वाचतात, निदान माझ्यासमोर तसं सांगतात. यंदा मला 'विवेक आणि आपण' असा विषय दिला होता. असल्या विषयावर काहीही लिहिता येतं, म्हणून बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. माझ्याकडे मात्र पुरावा होता आणि मी त्याच्यावरच तो लेख टंकत होतो. पुरावा म्हणजे हाच लॅपटॉप.

ते सांगायचं तर आधी कॉलेजचं सांगावं लागेल. मी नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. कॉलेज तसं सर्वसाधारण, पण समारंभांच्या बाबतीत कुणालाही हार जाणारं नव्हतं. पाण्याच्या कूलरचंसुद्धा फीत कापून उद्घाटन झालेलं मी पाहिलं आहे. पहिला पेला प्रमुख पाहुण्यांनी प्यायला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. खंडेनवमीला तर कॉलेजभर पूजा असायची. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी सगळी यंत्रं पुजून घ्यायची. टाइपरायटर होते तेव्हा टाइपरायटर, मग झेरॉक्स मशीन, मग संगणक, प्रयोगशाळेतल्या तराजूपासून प्राचार्यांच्या गाडीपर्यंत सगळं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. हेडक्लार्क ताट घेऊन पुढे आणि बाकीचे मागे.

नोकरीला लागलो त्या वर्षी ही मिरवणूक ग्रंथालयाच्या दाराशी आली तेव्हा मी उठून हेडक्लार्कजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "माझ्या टेबलाला नको."

मागे सगळा स्टाफ उभा होता. नव्या माणसाने असं म्हणायचं म्हणजे पुढचं सगळं मला ठाऊक होतं. आधी 'का हो?', मग 'अच्छा अच्छा', आणि त्यानंतर चहाच्या वेळी जरासं सरकून बसणं. हेडक्लार्क माझ्याच वयाचा, नामपूरकडचा, मोठ्या मिशांचा माणूस होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. का, असं विचारलं नाही. पुस्तकांच्या कपाटांना कुंकू लावलं, वर्तमानपत्रांच्या स्टँडला लावलं, माझ्या टेबलापाशी आल्यावर ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि पुढे गेला. जाताना माझ्या हातावर पेढा ठेवला.

त्यानंतर दर नवमीला तसंच होत गेलं. ताट माझ्या टेबलाशी आलं की दुसऱ्या हातात जायचं आणि मला पेढा मिळायचा. प्राचार्य बदलले, टाइपरायटर जाऊन संगणक आला, संगणक जाऊन लॅपटॉप आला, पण आमची ही पद्धत बदलली नाही. तो मला चारचौघांत 'सर' आणि एरवी 'भाऊ' म्हणू लागला, मी त्याला 'आप्पा'. वाद आमचे भरपूर व्हायचे, मिशीपासून देवापर्यंत. पण ज्या कॉलेजात कूलरलाही भाषण ऐकावं लागलं, तिथे एवढी एक गोष्ट कुणी न बोलता, टाळ्यांशिवाय व्हायची. माझा मोठेपणा नाही, त्याचा. मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींवर डोळे मिटून विसंबलो, त्यांतली ही एक.

शिवाय त्यातून आपोआप एक प्रयोग तयार झाला. कॉलेजातले पुजलेले संगणक एकामागून एक बंद पडायचे. कुणाला व्हायरस, कुणाचा पडदा काळा, ऑफिसच्या प्रिंटरला तर कायमचीच बद्धकोष्ठता. माझा लॅपटॉप मात्र एकदाही दुरुस्तीला गेला नाही. चहाच्या वेळी मी हे ऐकवायचो.

"आप्पा, तुझ्या ताटात काही दम नाही. ज्याला लावलं ते मेलं, ज्याला नाही लावलं ते धावतंय."

"धाऊ दे ना भाऊ," तो बशीत चहा ओतत, मिशीत हसत म्हणायचा. "तुला काय त्रास आहे?"

त्याच्या या हसण्याचा अर्थ मी इतकी वर्षं चुकीचा लावत होतो.

निवृत्त झालो तेव्हा तो लॅपटॉप जुना झाला म्हणून कॉलेजने मला देऊन टाकला. निरोप समारंभात मला हार घातला आणि लॅपटॉपलाही. झेंडूचा. फुलांशी माझं भांडण नाही. यंत्र घरी आलं आणि इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ जाऊन बसलं. यंदा स्मरणिकेसाठी मी लिहायला घेतलं तेव्हा लेखाचा शेवट आधीच तयार होता: माझ्या टेबलावरच्या यंत्राला कधीही कुंकू लागलं नाही आणि ते कधीही बंद पडलं नाही. आपल्या मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे.

हे वाक्य टंकून झालं आणि दुसऱ्या दिवसापासून 'ह' बिघडला.

मुलगी पुण्याला असते आणि संगणकावरच काम करते. तिला फोन लावला. तिने डॉक्टरच्या आवाजात विचारलं, "बाबा, रीस्टार्ट केला का?"

"केला."

"नक्की? की नुसतं झाकण लावून उघडलंत?"

मी खरोखर रीस्टार्ट केला. मग तिने सेटिंगमध्ये नेलं, इथलं बंद करा, तिथलं चालू करा, कीबोर्डचा ड्रायव्हर काढून टाका आणि पुन्हा सुरू करा. ते सगळं करूनही 'ह' हसतच राहिला. शेवटी तिने पडद्यावरच कीबोर्ड उघडायला लावला आणि त्यातला 'ह' माऊसने दाबायला सांगितला. तो बिनतक्रार उमटला.

"म्हणजे आतून काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "बटणाखाली कचरा आहे. उलटा धरा आणि हळूच हलवा."

मी लॅपटॉप उलटा धरून हलवला. टेबलावर चिवड्यातला अर्धा शेंगदाणा पडला. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि निकाल सांगण्याची तिची सवय अजून गेलेली नाही.

"मी काय सांगत होते? लिहिताना खाऊ नका, खाताना लिहू नका."

शेंगदाणा पडला, पण 'ह' त्यानंतर साफच गेला. आधी निदान हसत तरी होता. मुलगी म्हणाली, आता बटण काढून बघावं लागेल, खालच्या बाजूने अलगद उचला, दोन बारीक क्लिपा असतात, तुटू देऊ नका. म्हणून नेलकटर. ही मोबाइलचा टॉर्च धरून शेजारी बसली आणि मुलगी व्हिडिओ कॉलवर साखरेच्या डब्याला टेकून.

बटण टक् करून उडालं आणि टॉर्चच्या उजेडात खाली लाल दिसलं.

"चिवड्याचं तिखट," ही म्हणाली.

"चिवड्यात एवढं तिखट कुठे असतं?"

"मग मिसळ. त्या रविवारी तुम्ही तर्रीचा हात न धुता..."

तिने वाक्य अर्धंच सोडलं. बोटाच्या टोकावर ती लाल पूड घेतली आणि जिभेला लावली. मी तिला थांबवणार होतो, पण ती थांबवून थांबणाऱ्यांतली नाही. तिने तोंड वाकडं केलं. "तिखट नाही. कसली तरी पावडर आहे."

मी कानशीने अजून थोडं उकरलं. क्लिपेच्या कोपऱ्यात काहीतरी अडकलं होतं. ते निघालं आणि टेबलावर पडलं. तांदळाचा दाणा. कच्चा, अख्खा, एका बाजूने गुलाबी झालेला.

"कच्चा तांदूळ मी चिवड्यात घालत नाही," ही म्हणाली. आता तिच्या आवाजात निकाल नव्हता.

साखरेच्या डब्यापासून मुलगी म्हणाली, "बाबा, ती अक्षत आहे. माझ्या मैत्रिणींच्या लग्नात देतात ना हातात, तशीच. आणि लाल ते कुंकू."

"आपल्या घरात कुंकू कुठून येणार?" ही म्हणाली. "आपल्याकडे लग्नातसुद्धा फुलंच टाकतात."

 लॅपटॉप या घरात आल्यापासून घराबाहेर गेला नव्हता. त्याआधी तो एकाच ठिकाणी होता, माझ्या टेबलावर. शेजारचं बटण काढलं, त्याच्याखालीही लाल. त्याच्या शेजारचं काढलं. जिथे जिथे काढलं तिथे कमीजास्त लाल होतंच. हे एखाद्या दिवशी चुकून सांडलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं कुणीतरी लावलं होतं आणि पुसलं होतं, आणि पुसताना जे फटीत गेलं ते तिथेच राहिलं होतं.

"सोडून द्या," ही म्हणाली. "कुणी शिपायाने लावलं असेल."

तिने हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. नवमीला ग्रंथालयाला कुलूप लागल्यावर ते उघडायला किल्ल्या एकाच माणसाकडे असायच्या, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिडकोला आप्पाच्या घरी गेलो. दाणा कागदाच्या पुडीत बांधून खिशात घेतला होता. रिक्षात मला एकदोनदा हसू आलं, कारण नाशकातला एक निवृत्त ग्रंथपाल खिशात तांदळाचा एक दाणा घेऊन जाब विचारायला निघाला होता. पण ते हसू टिकत नव्हतं. मी मनातल्या मनात एकेक नवमी आठवत होतो. ताट दुसऱ्या हातात गेलं, मला पेढा मिळाला, मी तो घरी येईपर्यंत तोंडात घोळवला. आणि माझ्या पाठीमागे काय झालं? जाताना मी एवढंच ठरवलं होतं की आरोप करायचा नाही, आधी विचारायचं. अजून कुठेतरी वाटत होतं की शिपाई निघेल.

आप्पा भाजी आणायला गेला होता. वहिनींनी चहा टाकला. मी सहज बोलल्यासारखं म्हणालो, "नवमी आली जवळ. आप्पांना आता करमत नसेल, ताट घेऊन फिरायला कॉलेज नाही."

"तर काय!" वहिनी म्हणाल्या. "मला मात्र सुटल्यासारखं झालंय. दर नवमीला यांना घरी यायला उशीर. इथली पूजा खोळंबलेली, मुलं उपाशी. विचारलं की म्हणायचे, भाऊंचं टेबल राहिलं होतं, ते करून आलो."

त्या दूध घ्यायला वळल्या म्हणून माझा चेहरा त्यांना दिसला नाही. शिपाई तिथेच संपला.

आप्पा मेथीची जुडी घेऊन आला. मला पाहून त्याला आनंद झाला, आणि ते मला फार अवघड गेलं. मी पुडी उघडून टीपॉयवर ठेवली. त्याने चष्मा लावून पाहिलं.

"काय आहे हे?"

"माझ्या लॅपटॉपमधून निघालं. 'ह'च्या खाली होतं."

तो चष्मा काढून खाली बसला. मग मेथीची जुडी सोडून पानं खुडायला लागला. हा माणूस अडचणीत आला की हातांना काम देतो, हे मला माहीत होतं. ऑफिसमध्ये तो अशा वेळी टाचण्या निवडायचा.

"एका वर्षी झाकण उघडं राहिलं होतं तुझं," तो म्हणाला. "तेव्हा गेला असेल."

"आणि बाकीच्या वर्षी?"

"बाकीच्या वर्षी झाकण मीच उघडायचो, आत कुंकू लावायचो. मग ओल्या रुमालाने पुसायचो. तुला दिसू नये म्हणून."

"टाइपरायटर होता तेव्हाही?"

"तेव्हाही."

"म्हणजे पहिल्या वर्षापासून."

त्याने मान हलवली. वहिनी चहाचे कप ठेवून आत गेल्या, पण पार आत गेल्या नाहीत.

"मी नको म्हटलं होतं, आप्पा. तू ताट दुसऱ्या हातात घेतलंस. सगळ्यांदेखत."

"सगळ्यांदेखत घेतलंच की. तुझा शब्द मी लोकांत खाली पडू दिला नाही."

"आणि मागे?"

"मागे कोण बघत होतं?"

"हेच तर म्हणतोय मी."

तो जरा चिडला. "भाऊ, एक सांग. ते मशीन बंद पडलं असतं तर? मशीन आहे, पडलं असतं एखाद दिवशी. मग स्टाफरूममध्ये काय बोलले असते? म्हणाले असते, बघा, पूजा करू दिली नाही, आता भोगा. आणि 'हे लोक असेच' म्हणाले असते. ते मला ऐकायचं नव्हतं. म्हणून लावायचो."

"म्हणजे तुला वाटत होतं, कुंकू लावलं नाही तर बंद पडेल."

"मला असं काही वाटत नव्हतं."

"मग लावायचास कशाला?"

"लावलं की मला बरं वाटायचं." त्याने एक काडी बाजूला टाकली. "तुले काय सांगू भाऊ. तू मना शेस, म्हणून लावं मी."

भावना अनावर झाली की आप्पा अहिराणीत जातो. एरवी मला ते आवडतं. त्या सकाळी मात्र वाटलं, तो माझ्यापासून दूर, जिथे मला जाब विचारता येणार नाही अशा ठिकाणी निघून गेला आहे. तू माझा आहेस म्हणून लावलं. जो परका असता त्याचं ऐकलं असतं, आपल्या माणसाचं ऐकायचं कशाला? त्याच्या मनात काळं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने काही वाईट हेतूने केलं असतं तर भांडून मोकळा झालो असतो. इथे माझ्या काळजीपोटी माझा नकार दर वर्षी, संध्याकाळी, कुलूप उघडून पुसून टाकला जात होता, आणि सकाळी मी तोच नकार मोठ्या तोऱ्यात टेबलाशी सांभाळून बसत होतो.

"आणि मी चहाच्या वेळी ते बोलायचो," मी म्हणालो. "ज्याला नाही लावलं ते धावतंय."

"हो ना." त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तेव्हा गप्प बसणं फार जड जायचं."

"मी त्यावर लेख लिहिलाय, आप्पा. विहाराच्या स्मरणिकेत छापायचाय. लोकांसमोर वाचायचाय."

हे ऐकून तो पहिल्यांदाच खरा घाबरला. मेथी बाजूला ठेवली. "त्यात माझं..."

"नाव नाही."

"मग छाप की. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

"मग उलटं लिही. लिही की कुंकवाने बिघडलं. खोटं कुठे आहे? दाणा तुझ्याकडे आहे." एवढं बोलून तो थांबला, कारण मनाने तो हेडक्लार्क होता आणि कागद पूर्ण केल्याशिवाय त्याला राहवत नाही. "पण मग इतकी वर्षं कशाने चाललं, तेही लिहावं लागेल."

चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायलो, कारण वहिनी दाराआड उभ्या होत्या. निघताना आप्पा जिन्यापर्यंत आला. "यंदा नवमीला ये ना," तो म्हणाला. "पेढे आणतो."

"बघू," मी म्हणालो. आमच्या इतक्या वर्षांच्या बोलण्यात मी त्याला 'बघू' पहिल्यांदाच म्हटलं, आणि त्यालाही ते ऐकू आलं.

घरी आलो तेव्हा हिने कापूस आणि स्पिरिट आणून ठेवलं होतं.  तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि टॉर्च धरला. मी एकेका बटणाखालचं लाल पुसत गेलो. कापसाचे बोळे गुलाबी होत गेले. पुसताना मला त्याचा ओला रुमाल आठवत होता, त्याने माझ्यासाठी पुसलं तो, आणि आता हा माझा कापूस. मग बटणं जागच्या जागी दाबून बसवली. लॅपटॉप सुरू केला, 'ह' दाबला. एकदाच उमटला, नीट.

लेख उघडला. शेवटचा परिच्छेद पडद्यावर होता. माझ्या टेबलावरच्या यंत्राला कधीही कुंकू लागलं नाही. मी तो कितीतरी वेळ वाचत राहिलो. खोटा होता म्हणून ठेवता येत नव्हता, आणि खरं लिहायचं तर पुरावा दोन्ही बाजूंचा होता. शिवाय खरं लिहिलं असतं तर विहारातली माणसं हसली असती, आप्पाला हसली असती, आणि ते मात्र मला चाललं नसतं. त्यालाही माझ्याबद्दल कुणी बोललेलं ऐकायचं नव्हतं, हे लक्षात आल्यावर मला आप्पाचा पुन्हा एकदा राग आला.

परिच्छेद निवडला आणि काढून टाकला. डिलीटचं बटण पहिल्यापासूनच नीट चालत होतं.